लिहिणाऱ्याला काय द्यावे?

नागपूरहून निघालेली गाडी वर्धा आणि पुलगाव मागे टाकून धामणगावच्या फलाटाला लागते, तेव्हा माझ्या हातात एक पुडके असते. १९७८ सालापासून एकाही नाताळात हा नेम चुकलेला नाही. पुडके दादासाठी असते. ते उघडताना तो नेहमी एकच वाक्य बोलतो, "काहून आणलं एवढं?" पुष्कळ वर्षे मला ते आनंदाचे उद्गार वाटत. तो खरोखरीचा प्रश्न होता, हे कळायला मला निम्मे आयुष्य लागले.

विदर्भात धामणगावे अनेक आहेत. आमच्या गावाने इतरांपासून वेगळे दिसावे म्हणून आपल्या नावामागे 'रेल्वे' हा शब्द कायमचा लावून घेतला. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोचला आणि त्याच्या काठची आमच्यासारखी गावे कापसाच्या गाठींनी ओळखली जाऊ लागली. आमचे वडील रेल्वेत होते. आई हंगामात कापूस वेचायला जाई. दादा गावातच चित्रकलेचा शिक्षक झाला आणि मी शिकायला म्हणून नागपूरला गेले ती तिथलीच झाले.

दादाचे अक्षर ही आमच्या छोट्याशा ख्रिस्ती समाजाची मिळकत होती. चर्चच्या दाराशी असलेल्या फळ्यावर दर रविवारी शुभवर्तमानातले वचन तो रंगीत खडूंनी लिही. स्नानसंस्काराचे दाखले, प्रथम ख्रिस्तप्रसादाची स्मरणपत्रे, एखाद्या फादरांच्या बदलीच्या वेळचे मानपत्र, सारे त्याच्याच हातचे. सुलेखनाचे धडे त्याने कोणा गुरूपाशी बसून घेतले नव्हते. चित्रकलेचे शिक्षण घेत असताना एडवर्ड जॉन्स्टन यांचा १९०६ सालचा लेखनकलेवरचा ग्रंथ त्याच्या पाहण्यात आला. मध्ययुगातील मठवासी शुभवर्तमानाच्या प्रती कशा लिहीत आणि त्यांतील अक्षरे सोन्याने कशी उजळीत, हे त्याने त्यातून टिपून घेतले. या सजावटीला इंग्रजीत 'इल्युमिनेशन' म्हणतात. शब्दाच्या मुळाशी प्रकाश आहे. पान हलवले की सोने उजेड परतवते आणि अक्षर जणू आतून पेटल्यासारखे दिसते, म्हणून ते नाव.

अशा माणसाला भेट काय द्यावी, हा प्रश्न मला पहिल्या पगाराच्या दिवशी पडला आणि मी तो झटपट सोडवूनही टाकला. लिहिणाऱ्याला लेखणी! सोन्याचा मुलामा दिलेल्या टाकाचे एक भारी फाउंटन पेन मी घेतले आणि कौतुकाने त्यात चित्रकलेची काळीभोर जलाभेद्य शाई स्वतःच्या हाताने भरली. त्या शाईत लाख असते. ती वाळली की पेनाच्या नळीत घट्ट बसते आणि मग कितीही धुतली तरी निघत नाही. आठवडाभरात पेन मुके झाले. दादाने ते कित्येक वर्षे खिशाला लावून मिरवले. त्याने लिहिता येत नाही, हे मात्र मला सांगितले नाही.

पुढच्या एका नाताळात मी सोनेरी रंगाची बाटली नेली. त्या रंगाने दादाने एका बालिकेच्या स्नानसंस्काराच्या स्मरणपत्रावरची वेल काढली. दहाएक वर्षांनी त्या घरी जाण्याचा योग आला, तेव्हा भिंतीवरच्या चौकटीत ती वेल तपकिरी-हिरवी पडलेली मी पाहिली. बाटलीतले 'सोने' म्हणजे तांबे आणि जस्त यांची पूड. हवेने ती काळवंडते. खरे सोने काळवंडत नाही. चूक माझी होती, आणि त्या पत्राखाली सही दादाची होती.

तिसरी भेट परदेशातून आली. आमच्या एका नातलगाकडून मी रुंद टोकांच्या टाकांची सुंदर पेटी मागवली. दादाने एक टाक दांड्यात बसवला, 'अ' काढला आणि हसून बाजूला ठेवला. रोमन लिपीसाठी केलेल्या टाकाचा आणि देवनागरीसाठी तासलेल्या बोरूचा कल एकमेकांच्या उलट असतो. जिथे आपले अक्षर भरावे तिथे तो टाक बारीक होतो आणि जिथे बारीक व्हावे तिथे भरतो. अक्षर आपलेच, पण चेहरा परका दिसतो. पेटी कपाटात गेली.

या तिन्ही भेटी महाग होत्या आणि तिन्ही मी प्रेमाने निवडल्या होत्या. पण दादा कशाने लिहितो, कशावर लिहितो आणि किती वेळ लिहितो, हे मी एकदाही शेजारी बसून पाहिले नव्हते. मी दुकाने पाहिली, दादाचे मेज पाहिले नाही.

चौथ्या भेटीविषयी लिहिताना अजूनही मन कचरते.

२००८ साली दादा निवृत्त झाला. माझ्या मनात आले, आता याचे कष्ट थांबले पाहिजेत. समारंभाच्या आदल्या रात्री कोणीतरी साठ दाखले घेऊन यायचे, "तुमचं अक्षर सुंदर आहे, एवढी नावं घालून द्या, पाच मिनिटांचं काम आहे," असे म्हणायचे, आणि दादा पहाटेपर्यंत वाकून बसायचा, हे वहिनींनी मला अनेकदा सांगितले होते. म्हणून मी त्याला संगणक आणि छपाईयंत्र घेऊन दिले. बसवून देणाऱ्या मुलाने पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटवून दाखवली. दादाने ती बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाला, "हेही कोणीतरी आधी हातानं काढलं असेल."

त्याचे म्हणणे खरे होते. संगणकावर घरोघरी पोचलेले 'मंगल' हे अक्षरवळण र. कृ. जोशी यांनी घडवलेले आहे, आणि ते स्वतः कवी आणि हाडाचे सुलेखनकार होते. योगायोग असा, की त्याच २००८ साली ते निवर्तले. मला तेव्हा यातले काहीच ठाऊक नव्हते. मी एवढेच म्हणाले, "दादा, आता तुला वाकून बसायला नको."

त्यानंतर दर नाताळात संगणक चालू दिसे आणि मी मनोमन समाधान पावे. साठ दाखले खरोखरच पंधरा मिनिटांत निघू लागले होते. फळ्याच्या जागीही छापील कागद चिकटवला जाऊ लागला. २०१६ सालच्या नाताळात मी स्वयंपाकघरात वहिनींच्या हाताशी बसले होते. त्या करंज्या भरता भरता सहज म्हणाल्या, "ताई, आठ वर्षं झाली, यांनी बोरू हातात धरला नाही." मग उठून त्यांनी फडताळातला पत्र्याचा डबा काढून आणला. आतले बोरू वाळून चिरफाळले होते. दौतीच्या तळाशी शाईची खपली झाली होती.

माझ्या भेटीने दादाला काय सांगितले, ते त्या क्षणी माझ्या ध्यानात आले. मला म्हणायचे होते, "तू दमू नकोस." त्याने ऐकले होते, "तुझी गरज उरली नाही." आणि माझ्या पाठोपाठ साऱ्या गावाने तेच म्हटले होते.

त्या वर्षी मी नाताळानंतर लगेच परतले नाही, आठ दिवस राहिले. "दादा, तुला काय पाहिजे?" असे सरळ विचारून पाहिले. "मले काय पाहिजे? सगळं हाय," एवढेच उत्तर आले. लिहिणारी माणसे मागत नाहीत. मग मी त्याच्या जुन्या वह्या चाळत बसले. एका वहीत त्याने दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास उतरवून ठेवला होता. 'लेखनक्रियानिरूपण' हे त्याचे नाव. समर्थांनी तिथे अक्षर कसे असावे हे सांगितले आहेच, पण लेखकाच्या संग्रही काय असावे त्याची यादीही दिली आहे. घट्ट कागद आणावा, त्याला खळ द्यावी, घोटून तुळतुळीत करावा. सुऱ्या, कातऱ्या जवळ असाव्यात. वेगवेगळ्या देशांचे सरळ, बारीक बोरू जमवावेत. हिंगूळ आणि शाई यांचा साठा असावा. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या यादीत माझ्या चारही भेटींपैकी एकही नव्हती, आणि दादाला लागणारी प्रत्येक वस्तू होती.

त्याच समासात आणखी एक गोष्ट सांगितली आहे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, ते म्हातारपणी आपल्याच उपयोगी पडत नाही. अक्षर मध्यम असावे. दादाने त्या ओळींच्या समासात पेन्सिलीने एक रेघ ओढलेली होती. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता आणि उजव्या हाताला किंचित कंप होता. हे दोन्ही त्याने माझ्यापासून लपवले होते.

आमच्यातल्या लेखकाचीही मला त्या दिवसांत आठवण झाली. समर्थांचा जन्म १६०८ सालचा. त्याच १६०८ साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्याहून आपल्या वरिष्ठांना रोमला एक पत्र लिहिले. इथल्या लोकांच्या भाषेत आणि त्यांच्याच लिपीत पुस्तके छापली जावीत, अशी आपली अनेक वर्षांची इच्छा असल्याचे त्यांनी त्यात कळवले. पण युरोपात चोवीस अक्षरांनी काम भागते, तर इथे सहाशेच्या आसपास साचे पाडावे लागतील, ही अडचणही त्यांनीच मांडली. ते साचे झाले नाहीत. १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले ते रोमन अक्षरांत. मराठीची थोरवी गाणारा ग्रंथ मराठीच्या अक्षरांवाचून छापला गेला. त्याची देवनागरी प्रत पुढे कोणीतरी हातानेच लिहून काढली, आणि अशी एक प्रत आज लंडनच्या प्राच्यविद्येच्या संस्थेत जपून ठेवलेली आहे. फादर स्टीफन्स यांना कोणी भेट देऊ इच्छिले असते, तर हस्तिदंती दौत देऊन त्यांचे काय भागले असते? त्यांना हवा होता साचे पाडणारा हात. आपल्या माणसाचे काम कुठे अडले आहे ते पाहावे आणि तिथे काहीतरी ठेवावे. भेट याहून वेगळी काय असते?

आठ दिवसांतला एक दिवस आम्ही रिद्धपूरला गेलो. मोर्शी तालुक्यातले हे गाव महानुभावांची काशी. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसांना भेटून गोळा केल्या आणि त्यांतून लीळाचरित्र उभे राहिले, ते इथे. पुढे पंथातील मंडळींनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत आपले ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या उतरून ठेवले. एका वृद्ध महंतांनी रुमालात बांधलेली एक पोथी आम्हांला सोडून दाखवली. मला त्यातले एक अक्षरही वाचता आले नाही. दादालाही नाही. पण तो शाईच पाहत राहिला. "काजळी हाय," तो म्हणाला. "काजळी उडत नाही." दिव्यावर धरलेली काजळी, बाभळीचा डिंक आणि पुष्कळ खल, एवढ्यावर ती शाई होते. दुकानातली रंगीत शाई उजेडाने फिकी पडते. काजळीचा कोळसा फिका पडत नाही. परतीच्या वाटेवर दादा इतकेच म्हणाला, "कोण्या माणसानं हे लिहिलं, त्याचं नावही नाही. पण कोणी तरी वाचणार हाय, हे त्याले माहीत होतं."

वाचणार आहे! मला उत्तर मिळाले. दादाच्या मेजावर बोरूची, कागदाची, शाईची उणीव होतीच, ती पैशाने भरून निघणारी होती. खरी उणीव निराळी होती. लिहिण्याजोगा मजकूर त्याच्याकडे कोणी आणत नव्हते. लोक त्याच्याकडे नावे आणीत, रिकाम्या जागा आणीत. ज्याच्यावाचून कोणाचे तरी अडले आहे, असे काही कोणी आणले नव्हते.

माझ्याकडे तसा मजकूर होता.

१९७३ ते १९७६ ही तीन वर्षे मी नागपूरच्या वसतिगृहात होते. आईला अक्षरओळख नव्हती. ती सांगे आणि दादा अंतर्देशीय पत्रावर लिही. तेव्हाच त्याचे अक्षर इतके वळणदार होते, की वसतिगृहातल्या मुली पाकिटावरचा माझा पत्ता पाहायला गोळा होत. पण पत्र उघडले की त्या हसत. कारण दादाने आईचे बोलणे जसेच्या तसे उतरवलेले असे. आमच्या वऱ्हाडात बाईमाणूसही "मी येतो, मी जातो" असेच म्हणते. "तुझी आई बाप्या आहे का ग?" असे एका मुलीने विचारले, तेव्हा मी रडले होते. सुटीत घरी आल्यावर मी दादावर चिडले, "तू एवढा शिकलेला, तुला तिची भाषा सुधारून लिहिता येत नाही?" तो म्हणाला, "पत्र तिचं हाय. मी नुसता हात."

त्या तीन वर्षांतली अठरा पत्रे माझ्या ट्रंकेत होती. कागद पिवळा पडून घड्यांवर फाटू लागला होता. आई १९९१ साली गेली. तिचा आवाज आमच्याकडे कुठेही धरून ठेवलेला नाही. तो असलाच तर त्या अठरा कागदांत आहे.

२०१७ सालच्या नाताळात मी धामणगावला उतरले तेव्हा माझ्या पुडक्यात चार वस्तू होत्या. पहिली, हातकागदाचे बारा ताव. हा कागद सुती चिंध्यांच्या लगद्यापासून करतात. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आम्लामुळे पिवळा पडून मोडतो, सुती कागद शतके टिकतो. आमच्या शेजारी वर्ध्याला १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने ग्रामोद्योग संघ निघाला आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली मगनवाडीत या कागदाच्या धंद्याला पुन्हा जीव मिळाला. पुण्याची हातकागद संस्था १९४० सालची. ज्या गावाने आयुष्यभर कापसाच्या गाठी बाहेर धाडल्या, त्या गावात कापूस कागद होऊन परत येत होता, याचे मला वाटेत बरे वाटत होते. दुसरी वस्तू, वर्धा नदीच्या काठचे बोरू, न तासलेले. लेखणी ज्याची त्याने तासावी. तिसरी, नागपूरच्या इतवारीतून घेतलेली खऱ्या सोन्याच्या वर्खाची लहानशी वही. आणि चौथी, आईची पत्रे.

दादाने पहिल्या तीन वस्तू बोटांनी चाचपून पाहिल्या. कागदाच्या कोपऱ्याला जीभ लावून तो शाई किती पिईल याचा अंदाज घेतला. मग पत्रे उघडली. भिंग लावून एक पत्र वाचले आणि म्हणाला, "अक्षर तेव्हा बरं होतं माहं."

मी म्हटले, "दादा, कागद संपत आलेत. मला यांतलं एक तरी तुझ्या हातचं पाहिजे. मोठ्या अक्षरात. घाई नाही. आणि भाषा सुधारायची नाही."

त्याने भिंग काढून ठेवले. "हात हालते आता," तो म्हणाला.

"हालू दे."

"काहून आणलं एवढं?" हे वाक्य त्या वर्षी त्याने उच्चारले नाही.

राखेच्या बुधवारी त्याने काजळी धरायला दिवा लावला. प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस तो शाई खलीत, बोरू तासत आणि जुन्या वर्तमानपत्रांवर हात बसवीत होता, असे वहिनी दूरध्वनीवर सांगत. मेज त्याने खिडकीपाशी सरकवले, उजेड डावीकडून यावा म्हणून. पाठ वाकू नये यासाठी माझ्या भाच्याने त्याला उतरत्या फळीचे मेज करून दिले. ही भेट मला सुचली नव्हती, आणि ती माझ्या सगळ्या भेटींहून अधिक कामी आली, हे कबूल केले पाहिजे. संगणकही धूळ खात पडला नाही. ओळी किती, दोन ओळींत अंतर किती, याची आखणी दादाने त्याच्यावर करून पाहिली. पुढे मला कळले, की अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या सेंट जॉन्स मठाने १९९८ साली डोनाल्ड जॅक्सन यांच्याकडे जे हस्तलिखित बायबल सोपवले आणि जे २०११ साली पूर्ण झाले, त्याच्याही पानांची आखणी संगणकावरच झाली होती. लेखन मात्र वासराच्या कातड्याच्या पानांवर, पिसांच्या लेखण्यांनी. यंत्राशी या कलेचे वैर नाही. हाताला सुटी देण्यासाठी यंत्र आणले, तर मात्र हात रुसतो.

पुनरुत्थानाच्या सणाला मी गेले तेव्हा पान लिहून झाले होते. अक्षर मोठे, मोकळे आणि काळेभोर होते. काही उभ्या रेघा थरथरल्या होत्या, त्या त्याने खरवडल्या नव्हत्या. पत्र एवढेच होते:

"पोरी, तुह्यं पत्र भेटलं. तुह्याबिना घर सुनं लागते. गाय याली. तुह्या बाबाचा पाय आता बरा हाय. कापूस औंदा बरा हाय म्हणतेत. परीक्षा झाल्यावर लोकाच्या घरी राहू नको. उलंगवाडी झाली का ये. मी वाट पायतो."

त्या वर्षी उलंगवाडी झाली, शेवटचा कापूस वेचून शेते मोकळी झाली, आणि मी घरी गेले नाही. मैत्रिणीच्या गावी गेले. आईने त्याविषयी मला कधी एक शब्द विचारला नाही. हे मी विसरले होते, असे लिहिणे खोटे ठरेल.

पानात एक जागा रिकामी होती. दादा म्हणाला, "रोमन लिपीत पहिलं अक्षर मोठं असते. तिथं सोनं लावतात. आपल्या लिपीत लहानमोठं अक्षर नाही, सगळी सारखी. मग सोनं कुठं लावायचं, याचा मी पंधरा दिवस विचार केला." रिकामी जागा पहिल्या ओळीत नव्हती. ती खालून दुसऱ्या ओळीत होती, 'उलंगवाडी झाली का' याच्या पुढे. तिथे त्याने खडूची पूड, सरस आणि किंचित साखर यांच्या लेपाने एक अक्षर फुगवून ठेवले होते. 'ये'.

वर्ख बसवताना लेप किंचित ओला व्हावा लागतो. पाण्याने तो बिघडतो. मध्ययुगापासून यावर एकच उपाय चालत आला आहे. नळीतून त्यावर तोंडाची वाफ सोडायची. साखर ती ओल धरते आणि सोने चिकटते. हे काम दादाच्याने होत नव्हते, नळी धरली की हाताच्या कंपाने लेप ओरखडला जाई. त्याने बोरूची एक पोकळ नळी माझ्या हाती दिली.

"फुंकर नको मारू," तो म्हणाला. "चष्म्याच्या काचेवर सोडतो ना, तसा श्वास सोड. पोटातून. हळू."

मी वाकले. आईच्या त्या एका शब्दावर मी श्वास सोडत राहिले आणि दादा थरथरत्या चिमट्याने वर्ख उतरवत गेला. मिलिमीटरचा दहा हजारावा भाग इतके ते सोने पातळ असते. दोनदा उडाले, तिसऱ्यांदा बसले. मग त्याने त्यावर पातळ कागद ठेवून अकीकाच्या गोट्याने ते घोटले. कागद उचलला तेव्हा खिडकीचा उजेड त्या अक्षरावर आला.

आम्ही दोघेही काही बोललो नाही. वहिनी चहा घेऊन आल्या, त्यांनी ओट्यावर टेकून पान वाचले आणि पदराने डोळे पुसले.

सुलेखनाला आता मानमरातब मिळू लागला आहे. मोडीच्या अभ्यासातून आपली वाट काढणाऱ्या अच्युत पालवांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा दादाने ती बातमी कापून भिंतीला लावली. पण पुरस्कार थोड्यांना मिळतात. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात, प्रत्येक शाळेत एखादा फळा लिहिणारा, दाखले लिहिणारा असतो. त्याला काही द्यावेसे वाटले, तर दुकानात जाण्याआधी घटकाभर त्याच्या मेजाशी बसावे. तो कशावर लिहितो ते पाहावे, आणि तेच थोडे अधिक चांगले आणून द्यावे. बोरू न तासलेला द्यावा, शाई न उडणारी द्यावी, सोने थोडे द्यावे पण खरे द्यावे. आदल्या रात्री साठ दाखले नेऊ नयेत, न्यायचेच तर महिनाभर आधी न्यावेत आणि मोबदला विचारून द्यावा. आणि जमले तर आपल्या ट्रंकेतला एखादा असा कागद न्यावा, जो त्याने लिहिला नाही तर नाहीसा होईल.

आईची तीन पत्रे आजवर लिहून झाली आहेत. दादा आता पंचाहत्तरीत आहे, एका पानाला त्याला कधी वर्ष लागते, कधी दोन. यंदाच्या नाताळात मी हातकागदाचे आणखी चार ताव आणि चौथे पत्र घेऊन उतरणार आहे. त्या पत्रात सोने कोणत्या शब्दाला लावायचे, यावर आमचा दूरध्वनीवर वाद चालू आहे.